चोवीस चौकोन

२२ सप्टेंबर, रविवार

आचऱ्याला पोचलो. कोल्हापूरहून सकाळी निघालेली एसटी घाटात दोनदा तापली. कणकवलीत गाडी बदलली, तर शेजारच्या आजींनी सुरणाचा एक गड्डा हक्काने माझ्या मांडीवर ठेवला आणि उतरेपर्यंत काढला नाही. तरी मी चिडलो नाही. हे मुद्दाम लिहितो, कारण ही वही त्यासाठीच आहे.

समुपदेशक बाईंनी दोन गोष्टी सांगितल्या होत्या. रोज लिहा, आणि हाताला एखादं संथ काम लावा. वीस वर्षं आर्किटेक्टच्या ऑफिसात संगणकावर नकाशे काढणाऱ्या माणसाने संथ काम म्हणजे काय करायचं? ऑइल पेंटिंग. त्याचा एक थर वाळायला चार दिवस लागतात म्हणे. माझ्यासारख्या तापटाला शिक्षाच ती.

मार्चमध्ये मी कुकरचं झाकण भिंतीवर फेकलं. भिंतीवरच फेकलं होतं. पण तन्वी भिंतीला टेकून उभी होती आणि झाकण तिच्या डोक्याच्या वर वीतभरावर आदळलं. आठ वर्षांची पोर, ती रडली नाही. नुसती माझ्याकडे बघत राहिली. दुसऱ्या दिवशी स्वप्ना तिला घेऊन माहेरी गेली. आता ठरलंय असं की मी नीट राहिलो तर दिवाळीच्या सुट्टीत चार दिवस तन्वी माझ्याकडे येईल. तिने यावं आणि न घाबरता माझ्याकडे बघावं, बाकी मला काही नको.

ज्यांच्याकडे राहून मी हे शिकणार आहे त्या भिकाजी मास्तरांचं घर चिऱ्याचं आहे, मागे माडाची बाग आणि बाजूला लांबट पडवी. तिथे त्यांची गणपतीची शाळा, म्हणजे मूर्तींचा कारखाना, चालते. आता गणपती होऊन गेले, त्यामुळे शाळा मोकळी आणि मास्तरही मोकळे. वय शहात्तर, अंगाने काटक, टक्कल चकचकीत. तरुणपणी गोव्यात राहून ते तैलचित्रं शिकले. घरात ते आणि त्यांची सून सुभद्रावहिनी, दोघंच. जेवायला बांगड्याचं तिखलं आणि सोलकढी होती. मी तीन वाट्या प्यायलो. वहिनींनी हसून चौथी आणली.

२५ सप्टेंबर

पितृपक्ष चालू आहे, म्हणून रंगाला हात लावायचा नाही. तोवर कॅनव्हास ताणणं, त्याला अस्तर देणं आणि मास्तरांचं ऐकून घेणं ही कामं.

मास्तरांची शिकवण्याची रीत एकच. एक जुनं चित्र घ्यायचं आणि त्याची हुबेहूब नक्कल करायची. त्यांच्याकडचं चित्र दोनशे वर्षांपूर्वीचं, युरोपातलं. इथल्या एका दर्यावर्दी घराण्याने ते गोव्याच्या फिरंग्याकडून आणलं होतं. त्या काळात तिकडच्या चित्रकारांना राजेरजवाडे सोडून शेतकऱ्यांची घरं, वादळं, साधी माणसं रंगवायचं वेड लागलं होतं. हेही तसलंच, एका शेतकऱ्याच्या स्वयंपाकघराचं. खाली सही नाही.

ते मी अजून पाहिलेलं नाही. पाहायचंही नाही, अशी गंमत आहे. शाळेच्या मागच्या खोलीत ते उलटं टांगलंय, डोकं खाली, पाय वर, आणि त्यावर खाकी कागद लावलाय. कागदाला सहा इंचांची एक खिडकी कापली आहे. चित्र तीन फूट बाय दोन, म्हणजे चोवीस चौकोन. रोज खिडकी एका चौकोनाने सरकवायची, दिसेल तेवढंच रंगवायचं, आपला कॅनव्हासही उलटाच धरायचा आणि शेवटपर्यंत सुलटा करायचा नाही. नाक आहे हे कळलं की माणूस मनातलं नाक काढतो, समोरचं काढत नाही, असं मास्तर म्हणतात. त्यांचं वाक्य जसंच्या तसं: "डोक्याक मधी घालू नको, हाताक शिकांदे."

मी विचारलं की चित्रात आहे तरी काय. मास्तरांनी तरुणपणी ते लांबून एकदा पाहिलंय, तेही कंदिलाच्या उजेडात; त्यांच्याकडे आलं तेव्हापासून ते कागदाखालीच आहे. म्हणाले, बापूस चेडवाचे केस विंचरता. बाप मुलीचे केस विंचरतोय. मी रात्री अंथरुणावर तेच आठवत पडलो होतो. पूर्ण झालं की हे चित्र तन्वीला द्यायचं.

३ ऑक्टोबर, घटस्थापना

आज पहिला चौकोन. मास्तरांनी नारळ ठेवला आणि रीतसर गाऱ्हाणं घातलं. बा देवा म्हाराजा, ह्यो लेकरू लांबसून इलो हा, तेच्या हाताक यश दी. प्रत्येक वाक्याला बाकीच्यांनी "व्हय म्हाराजा" म्हणायचं असतं. बाकीचे म्हणजे मी एकटाच. वहिनी स्वयंपाकघराच्या दारात उभ्या होत्या, त्यांनी तोंड उघडलं नाही. मला वाटलं, दमल्या असतील.

चौकोनात नुसता तपकिरी रंग होता, वर थोडी गवताची काडी. बर्न्ट अंबर, किंचित पिवळा, जवसाचं तेल. चार तास गेले तरी कळलं नाही. माझा हात एवढा स्थिर असतो हे मला माहीत नव्हतं.

दुपारी जेवून सगळं गाव झोपतं, तसा मीही झोपलो. असा गाढ की उठल्यावर कुठे आहे ते आठवेना.

९ ऑक्टोबर

सात चौकोन झाले. पहिली ओळ सगळी जमिनीचीच निघाली, साहजिक आहे, चित्र उलटं आहे. आजच्या खिडकीत पांढरं काहीतरी होतं, घडी विस्कटलेल्या रुमालासारखं, कडेला लाल डाग. पांढऱ्यात किती रंग असतात. निळा, राखाडी, थोडा गुलाबी. मास्तर मागे उभे राहून बराच वेळ बघत होते, मग म्हणाले की हात बरो आसा तुझो. आयुष्यात मला कुणी हे म्हटलेलं नाही.

संध्याकाळी तन्वीशी फोनवर बोललो. तिने विचारलं की तिथे समुद्रात पाय भिजवता येतील का. मी म्हटलं, गुडघ्यापर्यंत. ती म्हणाली, चालेल. फोन ठेवल्यावर मला रडू आलं.

१० ऑक्टोबर

वहिनींच्या तीन कोंबड्या मेल्या. दुपारी आम्ही झोपलो असताना. मला वाटलं मुंगूस. पण मुंगूस गळे कापून तिघींना भिंतीशी ओळीने ठेवत नाही. पिसं सगळ्या अंगणभर होती.

विचित्र म्हणजे वहिनी कोंबड्यांकडे बघत नव्हत्या, माझ्या हातांकडे बघत होत्या. मी चिडणार होतो, पण आवरलं. नंतर हात धुताना उजव्या हाताच्या नखांत पांढऱ्या पिसाचे तंतू सापडले. मी मेलेली कोंबडी उचलली होती का? उचलली असेन.

कालचा चौकोन पुन्हा पाहिला. तो रुमाल नाही. तो पंख आहे.

१३ ऑक्टोबर

काल दसरा झाला. हत्यारांच्या पूजेत मास्तरांनी माझे ब्रश आणि पॅलेटची सुरी कोयत्याशेजारी मांडली. अकरा चौकोन झाले. काम झकास चाललंय. मीच वेड्यासारखा घाबरलो होतो. दोन गोष्टी एकापाठोपाठ घडल्या म्हणून त्यांचा संबंध लावणं बरं नव्हे.

एक मात्र आहे. जेवण झालं की डोळे मिटतात ते तीन-साडेतीनला उघडतात, आणि मधला वेळ कापून टाकल्यासारखा. अंग घामाने भिजलेलं असतं. ऑक्टोबरचा उकाडा, दुसरं काय.

१५ ऑक्टोबर

सकाळी खिडकीत लालसर केस होते. मी त्याला मेंढीचं कातडं समजलो.

दुपारी टायगर मेला. घरातला कुत्रा, माझ्या पायाशी बसायचा. विहिरीजवळ पडला होता, डोकं वरवंट्याने ठेचलेलं. वरवंटा तिथेच होता, धुतलासुद्धा नव्हता. एकदा मारून थांबलेलं नाही. दहा-बारा वेळा तरी.

माझ्या उजव्या हातावर कोपराखाली दातांच्या खुणा आहेत. चार खोल, दोन वरवरच्या. मला काहीही आठवत नाही.

१६ ऑक्टोबर

डॉक्टरांना भटका कुत्रा चावला असं सांगितलं. इंजेक्शन घेतलं. मग मास्तरांसमोर बसून सगळं बोललो. पिसं, दात, झोप. म्हटलं, मी चित्र सोडतो.

मास्तर ऐकून घेत होते. मग म्हणाले की सोडता येणार नाही. त्यांच्या शाळेत हातात घेतलेली मूर्ती अर्धी राहत नाही. पाट तुटो, माती फुटो, चवथ येवो वा जावो, घेतलेली पुरी करायची, कारण अर्ध्या मूर्तीत कोण येऊन बसेल ते सांगता येत नाही. चित्रालाही तोच नियम. कुत्र्याचं म्हणाल तर गावात माकडं मारायला येणारी पोरं आहेत, त्यांचंच काम. म्हातारा मनापासून बोलत होता. आणि मला ते पटून घ्यायचं होतं, हेही खरं. चित्र बारा चौकोनांच्या पुढे गेलंय आणि मी आयुष्यात पहिल्यांदा काहीतरी चांगलं करतोय.

म्हणून बसलो. आजच्या चौकोनात केस होते, काळे, लांब, आणि त्यांत रुतलेली बोटं. हेच ते विंचरणं. मी ते फार मायेने रंगवलं.

१८ ऑक्टोबर

चेहऱ्याचा भाग. उघडं तोंड, दात, जीभ. मुलगी खळखळून हसतेय. किती दिवसांनी बरं वाटलं.

दुपारी झोपलो नाही. कॉफी घेऊन पायरीवर बसून राहिलो. काही झालं नाही.

१९ ऑक्टोबर

सकाळी गोल, गुळगुळीत, गव्हाळ रंगाचं काहीतरी. त्यावर एक फट. भोपळा असेल म्हणालो. मास्तर हसले.

जेवलो. कॉफी घेतली. पायरीवर बसलो. मग एकदम साडेतीन वाजले होते आणि वहिनी किंचाळत होत्या.

मास्तर शाळेत मातीच्या ढिगाजवळ पडले होते. टक्कल मधोमध फुटलेलं. रक्त शाडूत मुरून चिखल झाला होता. श्वास चालू होता. लोक जमले, कुणी गाडी आणली. स्टुलावरून पडले असं सगळे म्हणत होते. मीही म्हणालो.

माझ्या सदऱ्याची उजवी बाही कोपरापर्यंत ओली होती.

तो भोपळा नव्हता.

२० ऑक्टोबर

मास्तर हॉस्पिटलात. शुद्ध नाही.

आज वहिनींनी सांगितलं. मी विचारलं नव्हतं. भाकरी थापता थापता, माझ्याकडे न बघता. त्यांचा नवरा निलेश, मास्तरांचा एकुलता एक मुलगा. अकरा वर्षांपूर्वी त्यानेही हेच चित्र घेतलं होतं, असंच उलटं, खिडकीतून. आधी कोंबड्या. मग गोठ्यातला पाडा. मग एका दुपारी त्याने वहिनींचे केस धरले. त्यांनी पदर खांद्यावरून बाजूला केला. मानेपासून खांद्यापर्यंत पांढरा वण, बोटभर रुंद. शेजारी धावले म्हणून त्या वाचल्या. निलेशने त्याच संध्याकाळी खाडीत उडी घेतली. मास्तर अजून म्हणतात, दारू. वहिनींचे शब्द: "घोवान माझ्या थेंब घेवक नव्हतो. चित्रार बसलो होतो तो."

मी विचारलं, मग मला आधी का नाही सांगितलं. त्या म्हणाल्या की मामंजींसमोर त्यांचा शब्द कधी चालला नाही, आणि माझा चेहरा रोज इतका आनंदी दिसायचा.

आता मला सगळं कळतंय. मास्तर म्हणत होते, डोक्याला मध्ये घालू नको, हाताला शिकू दे. हात शिकला. ज्याने ते चित्र काढलं त्याला काय माहीत होतं ते माझा हात शिकला, आणि डोक्याला पत्ता नाही. डोक्याला कळलं असतं तर त्याने हात आवरला असता. मार्चमध्येसुद्धा आवरला होता. वीतभर.

२१ ऑक्टोबर

खोलीला कुलूप लावलं. किल्ली वहिनींकडे. ब्रश चुलीत घातले. आज रंगवलं नाही.

दुपारी जाग आली तेव्हा बोटांवर ओला रंग होता. कुलूप फुटलेलं. एकोणिसावा चौकोन पुरा.

मुलगी हसत नाहीये. अठरा तारखेचा तोंडाचा चौकोन मी नुसता मान वाकडी करून पाहिला. उलटं हसणं आणि उलटं किंचाळणं सारखंच दिसतं.

२२ ऑक्टोबर

तन्वीचा फोन. पोहायचा ड्रेस घेतला. कौस्तुभमामा गाडीने सोडणार, एकोणतीसला.

येऊ नको म्हणायला तोंड उघडलं. म्हणालो, ये.

मी फार वाईट माणूस आहे. पण ती आली नाही तर पुन्हा कधी—

२३ ऑक्टोबर

उजव्या हातानेच सगळं झालं. पिसं उजव्या नखांत. दात उजव्या हातावर. रक्त उजव्या बाहीवर. मग हा हातच नको.

सकाळी अकरा वाजता. जाग्या डोक्याने. पाट्यावर ठेवला आणि वरवंटा डाव्या हाताने—

पहिल्या घावाला आवाज आला. दुसऱ्याला नाही. चार घातले. वहिनींनी धरलं नसतं तर पाचवा.

२५ ऑक्टोबर

डाव्या हाताने लिहितोय. अक्षर कोंबडीच्या पायाचं. उजवा हात कोपरापर्यंत प्लास्टरमध्ये. डॉक्टर म्हणाले की तीन बोटं परत कामाची होणार नाहीत. मी त्यांना धन्यवाद दिले. ते चमकून बघत राहिले.

दोन दिवस दुपारी काही झालं नाही. वहिनी माझ्या खोलीला बाहेरून कडी लावतात. मी झोपतो आणि उठतो. रंग नाही, रक्त नाही.

२७ ऑक्टोबर

काही नाही. शांत. मास्तरांनी काल डोळे उघडले, बोलत नाहीत.

वहिनींनी आज कडी लावली नाही. म्हणाल्या, आता तुमी बरे. दुपारभर नुसती झोप लागली. मला खरंच हलकं वाटतंय. हात गेला, पण पोर येतेय. हा सौदा मी दहा वेळा करीन.

डाव्या हाताचं अक्षर सुधारतंय. वहिनी म्हणाल्या की पहिल्यापेक्षा चांगलं आहे.

२९ ऑक्टोबर

तन्वी आली. उंच झालीये. प्लास्टर बघून विचारलं, दुखतं का बाबा. मग त्यावर पेनाने मासा काढला. समुद्रावर गेलो. गुडघ्यापर्यंत म्हणता म्हणता कमरेपर्यंत भिजली. परत येताना तिने आपणहून माझा हात धरला. डावा.

तिने माझ्याकडे बघितलं. न घाबरता.

३० ऑक्टोबर

दोन वाजून दहा मिनिटं.

घाईत लिहितोय. वहिनी डबा घेऊन हॉस्पिटलात गेल्यात, परतीची गाडी साडेचारला इथे येते. तन्वीला नेते म्हणाल्या होत्या. मीच नको म्हटलं. माझे चार दिवस, मीच नको म्हटलं.

जेवल्यावर डोळा लागला. उठलो तो मागच्या खोलीत उभा होतो. डाव्या हाताला रंग. कॅनव्हासवर चोवीसच्या चोवीस चौकोन भरलेले. प्लास्टरमधल्या हाताने कसं शक्य आहे? मग सुलटा केला.

स्वयंपाकघर. खिडकीत वादळ. जमिनीवर गळे कापलेले हंस, ओळीने. डोकं ठेचलेला कुत्रा. टक्कल फुटलेला म्हातारा. मधोमध तो बाप. त्याने मुलीचे केस धरलेत, डोकं मागे ओढलंय, मान उघडी. केस धरलेत ते उजव्या हाताने.

सुरी डाव्या हातात आहे.

उजवा फक्त धरतो. कोंबडी धरली, कुत्रा धरला, म्हणून पिसं, म्हणून दात. मारलं डाव्याने. मी धरणारा हात फोडला. ज्याने फोडला तो—

त्याच्या चेहऱ्यावर राग नाही. मला वाटलं होतं राग असेल. राग असता तर मला ओळखता आला असता. विळीवर भाजी चिरणाऱ्याचा असतो तसा चेहरा.

दोन पंचवीस.

तन्वी आतल्या खोलीत आहे. तिला सांगितलं की खेळ आहे, आतून कडी लाव, मी कितीही हाक मारली तरी साडेचारपर्यंत उघडायची नाही. ती हसली. कडी लावली. फोन तिच्याकडे, कार्टून बघतेय, आवाज इथे येतो. शेजारी सगळे भात कापायला मळ्यात. ओरडून पाहिलं. कुणी नाही.

बाहेर पळायला उठलो. फाटकाकडे निघालो होतो. भान आलं तेव्हा तिच्या दाराशी होतो. डाव्या हातात कोयता. कोयता कुठे ठेवलेला असतो ते मला माहीतही नव्हतं.

परत येऊन बसलो. पेन धरलं. पेन धरलं की हात थांबतो. लिहीत असला की तो माझं ऐकतो. म्हणून लिहायचं. साडेचारपर्यंत.

दोन चाळीस. कोयता पायाने पलंगाखाली सारला.

काहीही लिहायचं. बे एके बे बे दुणे चार बे त्रिक सहा. तन्वी जितेंद्र, इयत्ता तिसरी, रक्तगट बी, आवडतं फळ पेरू. जन्मली तेव्हा दोन किलो सातशे. मी तिला पहिल्यांदा घेतलं तेव्हा हात थरथरत होते. दोन्ही.

तीन वाजले. एक क्षण थांबलो होतो, पान उलटायला. हात पलंगाखाली गेला होता. पान उलटणार नाही आता. याच पानावर. कडेकडेने.

तीन दहा. अक्षर किती सुंदर येतंय. माझं नाही हे अक्षर.

तीन वीस. स्वप्ना मला माफ कर नको करू. मी भिंतीवरच फेकलं होतं.

तीन तीस. कार्टूनचा आवाज बंद झाला. फोनची बॅटरी—

कडी वाजली. तन्वी नाही उघडायचं. ओरडलो. ती म्हणते बाबा कंटाळा आला. म्हणते हरले मी, संपला खेळ. दार उघडलं. आली. आत जा म्हणतोय. हसतेय. खेळच वाटतोय तिला. शेजारी येऊन उभी

बाबा काय लिहितोस म्हणते. फुली-गोळा खेळू म्हणते. पेन मागते

लिहितोय मी अजून लिहितोय पेन नाही देणार चार एके चार चार दुणे

तिने पेन धरलं. दोन्ही हातांनी ओढतेय. तन्वी सोड. पेन सोड गं बाळा सो